काय झालं ते सांगा ताई

नागपुरात नगरसेवकाची आठवण बहुधा दोनदाच येते. चेंबर तुंबून गडर लाइनचं पाणी अंगणात आलं की, आणि एखाद्या कागदावर रहिवासी म्हणून सही हवी असली की. बाकी वेळ तो चौकातल्या होर्डिंगवर हात जोडून उभा असतो आणि आपण त्याच्या खालून गाडी काढतो. सभागृहात तो काय बोलला, कशाला हात वर केला, कुठे गप्प बसला, हे विचारायची आपल्याला सवय नाही. त्यालाही सांगायची नसते. पाच वर्षं अशीच निभतात आणि मग एक दिवस जुनी रिक्षा नवीन गाणं लावून गल्लीत शिरते.

मला विचारायची सवय लागली ती आमच्या प्रभागातल्या एका नगरसेविकेमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, शिवाय पक्ष कळला की वाचणारे निम्मे इथेच उठतील. २०१७ मध्ये त्या निवडून आल्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे, त्यांच्याहून मोठेसुद्धा. महापालिकेची सर्वसाधारण सभा झाली की पुढच्या रविवारी आमच्या समाजभवनात सतरंजी पडायची, म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या लागायच्या आणि ताई कापडी पिशवीतून विषयपत्रिकेचा जाडजूड गठ्ठा काढून मांडीवर ठेवायच्या. पहिल्या बैठकीला लोक आपापल्या तक्रारी घेऊनच आले होते. एकाचा पथदिवा, एकाची नाली, एकाच्या घरासमोर बसणारी कुत्री. ताई म्हणाल्या, "आधी सभेत काय झालं ते सांगते. मग तुमच्या नाल्या."

लोकांना हे विचित्रच वाटलं. सभेत काय झालं याच्याशी आपला काय संबंध? ते पेपरवाले बघतील.

माझं अक्षर बरं म्हणून बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं, त्यामुळे तो गठ्ठा मला जवळून पाहायला मिळाला. कोपऱ्यात स्टेपल केलेली पानं, कडेला पेन्सिलीच्या खुणा. बरोबर, फुली आणि प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हं फार. एका पानावर हळदीचा अंगठा उमटलेला. स्वयंपाक करता करता वाचलेलं दिसत होतं. खूण म्हणून मधे 'आपली बस'चं तिकीट घातलेलं. ज्या विषयांची भाषा कळली नाही त्यांच्यापुढे त्यांनी सरळ लिहिलं होतं, "हे काय?" मी आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर बसलो. फाइलवर असा प्रामाणिक शेरा मारलेला कधी पाहिला नव्हता.

एकदा त्या म्हणाल्या, आपल्या प्रभागाचा विषय आलाच नाही, त्याआधीच सभा संपली. एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक काका मागून म्हणाले, "मग तुम्ही दिवसभर तिथं कायले बसल्या होत्या जी?"

ताईंना राग आला असावा, पण दिसू दिला नाही. "बसावं लागते काका. उठून आली असती, तं शेवटच्या दहा मिनिटात काय काय पास झालं ते तुमाले कोणी सांगतलं असतं?"

आणि मग त्यांनी ऐनवेळचे विषय म्हणजे काय ते सांगितलं. ते मी अजून विसरलेलो नाही. छापील विषयपत्रिका सदस्यांना आधी मिळते. ती वाचता येते, तिच्यावर प्रश्न काढता येतात. पण अध्यक्षांच्या परवानगीने काही विषय त्याच दिवशी टेबलावर येतात. दिवस कलायला लागलेला असतो, अर्धे सदस्य बाहेर चहाला गेलेले असतात, आणि विषय क्रमांक वाचला जाईपर्यंत "मंजूर, मंजूर" असा आवाज झालेला असतो. यात बेकायदा काही नाही. तातडीचं काम खरंच असू शकतं. पण लक्ष ठेवायचं असेल तर तिथेच ठेवायला हवं, असं ताईंचं म्हणणं. दुपारी गाजलेल्या भांडणाची बातमी होते, संध्याकाळी झालेल्या 'मंजूर'ची होत नाही.

याचा दाखला २०२० मध्ये सगळ्या गावाने पाहिला. जून महिना, कोरोना चालू, म्हणून सभा महालातल्या टाऊन हॉलऐवजी रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात भरली होती. तिथे शब्दाला शब्द लागला आणि तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे सभा सोडून निघून गेले. त्या आठवड्यात ताईंना जो तो फोन करून एकच विचारत होता: कोण बरोबर, कोण चूक? आपल्या गावात अशा वेळी माणूस एका बाजूला असावाच लागतो. ताई म्हणायच्या, भांडण तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे, आता विषयपत्रिकेत काय होतं ते ऐका. कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. मीही तेव्हा भांडणच ऐकायच्या मूडमध्ये होतो.

महापालिकेचा कारभार कसा चालतो, हे शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं आणि परीक्षेनंतर तिथेच राहिलं. स्थायी समितीचे सोळा सदस्य, दर वर्षी त्यातले निम्मे निवृत्त. अंदाजपत्रक आयुक्त आधी स्थायी समितीपुढे ठेवतात, मग समितीचे सभापती त्यात भर घालून ते सर्वसाधारण सभेत मांडतात. ही 'भर' म्हणजे काय, हे ताईंनी एका वर्षी खडूने फळ्यावर लिहून दाखवलं होतं. आयुक्तांनी धरलेलं उत्पन्न एक, सभापतींनी धरलेलं त्याहून पुष्कळ जास्त. कामं जास्त दाखवायची तर उत्पन्नही जास्त दाखवावं लागतं. मार्च आला की खरं उत्पन्न कळतं आणि मग फाइलवर शेरा पडतो: निधी उपलब्ध नाही. म्हणजे आपल्या गल्लीचं काम मंजूर झालं, नारळ फुटला, बोर्ड लागला आणि काम झालं नाही, यात कोणी खोटं बोललेलं नसतं. काम मंजूर होतंच. पैसे नसतात. बसलेल्यांपैकी एका बाई म्हणाल्या, "आमच्या घरी बी असंच असते ना." सगळे हसले. पण त्या दिवसापासून मंजूर झालेलं काम आणि वर्कऑर्डर, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, निघालेलं काम यातला फरक आमच्या भागातल्या भाजीवाल्यालाही कळायला लागला. पुढे कोणीही 'तुमचा रस्ता मंजूर करून आणला' म्हणत आला की प्रश्न ठरलेला, "वर्कऑर्डर झाली का जी?"

आमच्या महापालिकेचा इतिहास तसा दमदार. नगरपालिका १८६४ ची, महापालिका १९५१ ची, तीही १९४८ च्या स्वतःच्या वेगळ्या कायद्यावर चालणारी. तो मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातला. पुढे राज्य बदललं, तरी कायदा कितीतरी वर्षं तोच राहिला. आता इतर शहरांसारखाच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. मुंबईचं वानखेडे स्टेडियम ज्यांच्या नावाचं, तेच. हे मुंबईच्या पाहुण्याला सांगताना प्रत्येक नागपूरकराची मान जराशी ताठ होते. माझीही होते.

कायद्याचं म्हणाल तर तो आमच्या गावाला नवा नाही. नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. दर डिसेंबरात अख्खं सरकार येतं, यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात आणि आम्ही सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद करून उभे राहतो. पण ज्या नियमाने रोज सकाळी आपल्या दारातली कचऱ्याची गाडी, पानठेला आणि ओट्यापुढची पायरी ठरते, तो उपविधी. महापालिकेने मसुदा करायचा, जाहीर करायचा, लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या, मग राज्य शासनाची मंजुरी आणि राजपत्र. हरकती मागवणारी नोटीस पेपरात येते. कुठे येते? हरवलेल्या खरेदीखतांच्या आणि नावात बदलाच्या नोटिसांच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात. मुदत संपते, हरकती दोन-चार, नियम लागू. मग दंडाची पावती हातात पडली की आपण विचारतो, हे केव्हा झालं?

ताई ती नोटीस कात्रीने कापून आणायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. त्यातली एक बैठक विशेष लक्षात आहे. २०१७ च्या अखेरीस शहरात उपद्रव शोध पथक सुरू झालं, गणवेशातले माजी सैनिक रस्त्यावर दिसायला लागले. थुंकलं की दंड, कचरा टाकला की दंड. आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये राज्याची प्लास्टिकबंदी आली. आता आमच्या चौकातल्या पानठेल्यावर या दोन्ही गोष्टी एकदमच येऊन पडल्या. नागपुरात खर्रा पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यावर, घोटतात आणि पन्नीतच बांधतात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून तळहाताने घासला जाणारा तो आवाज ज्याने ऐकला नसेल, त्याने नागपूर पाहिलं नाही. ठेलेवाला बैठकीला आला होता, बहुधा पहिल्यांदाच. उभा राहून म्हणाला, "ताई, पन्नी बंद झाली तं मी खर्रा कशात बांधू? कागदात चुना फाटून बाहेर येते."

मुळात सुगंधित तंबाखू घातलेला खर्राच कायद्यात बसत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी तोंडातून काढलं नाही. काहींच्या तोंडात तोच होता.

ताईंनी त्याला उपदेश केला नाही. पन्नीबंदीचा आदेश राज्याचा आहे, तो महापालिकेत बदलता येत नाही, दंड मात्र महापालिकेचे लोक करतात, असं सांगितलं. कोणती पन्नी चालते, कोणती नाही हे वाचून दाखवलं. पहिला दंड, दुसरा दंड किती तेही. मग म्हणाल्या, "कागदाचं काय करता येते ते तुमी पाहा. पण पावती न देता कोणी पैसे मागतले, तं मले फोन करा." ठेलेवाल्याला हवं ते उत्तर मिळालं नाही, पण तो पुढच्या बैठकीला पुन्हा आला. माझ्या मते कुठल्याही नेत्याच्या बैठकीची हीच परीक्षा: ज्याचं काम झालं नाही तो परत येतो का?

आणि नागपुरात काम न होण्याचं हमखास कारण म्हणजे हद्द. बाहेरगावच्या वाचकाला हे समजावून सांगणं अवघड आहे. इथे महापालिका आहे आणि शहरविकासाचं काम करणारं, १९३६ च्या कायद्याने आलेलं नागपूर सुधार प्रन्यासही आहे, ज्याला आम्ही सगळे नासुप्र किंवा एनआयटी म्हणतो. शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण वेगळं. मेट्रोचे खांब जिथे आहेत तिथला रस्ता कोणाचा, हा आणखी वेगळा विषय. दक्षिण आणि पूर्व नागपुरात शेतीच्या जमिनीवर सोसायट्यांनी पाडलेले लेआऊट शेकड्यांनी आहेत. २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला आणि ते नियमित व्हायला लागले. तेव्हापासून इथल्या मध्यमवर्गीय घरात एक शब्द गीतेसारखा जपला जातो, 'आरएल'. प्लॉटचं नियमितीकरण पत्र. मुलगी पाहायला आलेले पाहुणे घर पाहतात आणि हळूच विचारतात, आरएल झालं का? लग्न जमायचं ते त्यावर जमतं, हे मी पाहिलेलं आहे. नासुप्र बरखास्त करायचा निर्णय २०१९ मध्ये झाला, पुढे तो फिरला. मधल्या काळात फाइल घेऊन फिरणाऱ्या माणसाने कोणत्या पायऱ्या चढायच्या, हे त्याचं तोच जाणे.

आमच्या मागच्या गल्लीत नाली नव्हती. एका कार्यालयात म्हणायचे, लेआऊट त्यांच्याकडे आहे. दुसऱ्यात म्हणायचे, विकासशुल्क घेतलं पण हस्तांतर झालं. पत्राला उत्तर म्हणून पत्र यायचं आणि त्यात आमचंच पत्र जोडलेलं असायचं. ताईंच्या जागी दुसरा कोणी असता तर "करून टाकू" म्हणून मोकळा झाला असता. ताई म्हणाल्या, हे आपल्याकडे येत नाही. पण कोणाकडे येतं ते मी काढते. आणि पुढच्या वेळी त्यांनी खरंच एक पान आणलं. त्यावर आमच्या भागातल्या गल्ल्या आणि पुढे प्रत्येकीचा धनी: रस्ता कोणाचा, नाली कोणाची, दिवा कोणाचा, मोकळी जागा कोणाची. त्या पानाच्या झेरॉक्स अजून लोकांच्या फ्रिजवर चिकटवलेल्या आहेत. नाली मात्र त्यांच्या टर्ममध्ये झाली नाही. त्यांनी प्रत्येक बैठकीत ते वाचलं, "नाली: झाली नाही", आणि त्यापुढे त्या महिन्यात अडलेलं कारण. मी इतिवृत्तात तसंच लिहिलं. न झालेल्या कामाचा असा हिशेब ठेवणारा लोकप्रतिनिधी मला नंतर भेटलेला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट ताईंच्या विरुद्ध होती. त्या एकट्या नव्हत्या. नागपुरात २००७ ला एका प्रभागात एक नगरसेवक होता, २०१२ ला दोन झाले, २०१७ ला चार. एकशे एक्कावन्न नगरसेवक, अडतीस प्रभाग, शेवटच्या प्रभागात तेवढे तीन. प्रभाग एवढा मोठा की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या शाळेचं नाव माहीत नाही. चौघांच्या भरवशावर गॅसवर ठेवलेलं दूध उतू जातंच, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा पाहतो आहे. पण गट्टू बसले किंवा ग्रीन जिम लागलं की बोर्डावर फोटो चौघांचेही. 'यांच्या अथक प्रयत्नाने.' कोणाच्या किती, ते लिहिलेलं नसतं. या चौघांत दोन महिला, कारण निम्म्या जागा राखीव. आणि त्यातल्या एकींच्या वतीने सगळीकडे त्यांचे पतीच बोलायचे. फोन तेच उचलायचे, महापालिकेच्या झोन कार्यालयात तेच जायचे, आम्हीही त्यांनाच 'भाऊ, तेवढं पाहा' म्हणायचो. बाईंचा आवाज मी पाच वर्षांत ऐकलेला नाही. त्या सभेला जायच्या हे खरं. परत आल्यावर काय झालं ते सांगायला मात्र त्यांना कोणी बोलावलंच नाही, त्यात आम्हीही आलो.

तसं पाहिलं तर ताई काही उपकार करत नव्हत्या. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, आणि राज्याच्या कायद्यात त्याही खाली, काही मतदान केंद्रांच्या मिळून, क्षेत्रसभेची तरतूद झाली. गावात ग्रामसभा असते तशी शहरात. नगरसेवकाने ती बोलवायची, लोकांनी तिथे कामं सुचवायची. न घेणाऱ्याला अपात्र ठरवण्यापर्यंतची भाषा कायद्यात आहे. ग्रामसभेत सरपंचाला घाम फुटलेला मी माझ्या मामाच्या गावी, काटोलकडे, पाहिला आहे. शहरात क्षेत्रसभा हा शब्दच मला ताईंच्या तोंडून पहिल्यांदा कळला, तोही त्या स्वतः वैतागून म्हणाल्या म्हणून: कायद्यात आहे, पण भरवते कोण?

४ मार्च २०२२ ला त्या सभागृहाची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा वाद, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, कधी तीन सदस्यांचा प्रभाग, कधी परत चार, असं करता करता मतदान झालं ते एकदम जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं महालातल्या टाऊन हॉलमध्ये कोणी कोणाला प्रश्न विचारला नाही.

काही लोक म्हणतात, काय बिघडलं? कामं तर जोरात झाली. सिमेंटचे रस्ते झाले, कचऱ्याची गाडी येत राहिली. उलट मधले दलाल गेले. याच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. झोनमधल्या बाबूने तक्रार ऐकली की ती कोणाच्या माणसाची आहे हे पाहायचं कारण उरलं नव्हतं. पण सिमेंटचा रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर आला आणि पावसाळ्यात पाणी दिवाणखान्यात शिरायला लागलं, तेव्हा तो रस्ता एवढा उंच का, आधी खोदला का नाही, हे विचारायचं कुठे? अर्ज देता येत होता. अर्जाला पोच मिळते. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि ते इतर दीडशे लोक ऐकतात.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी काठ सोडून वर आली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, पुढे सीताबर्डी, झाशी राणी चौक. लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. माणसं गेली, लष्कर बोलवावं लागलं. आमचा भाग उंचावर म्हणून वाचला, पण माझ्या एका मित्राच्या घरातला तळमजल्यावरचा फ्रिज तरंगत स्वयंपाकघरातून बैठकीत आला होता. तो सांगताना हसतो, त्याची बायको हसत नाही.

त्यानंतर जे व्हायला हवं होतं ते सभागृहात: सांडव्यापुढे काय बांधलं, कोणी परवानगी दिली, तलाव एवढा जुना असताना त्याची दुरुस्ती का राहिली, नदीचं पात्र कुठे कुठे आवळलं. हे प्रश्न विचारले गेले, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. रहिवाशांनी याचिका केली, सरकारी यंत्रणांनी शपथपत्रं दिली, सांडव्याजवळच्या पुतळ्यापासून पुलांपर्यंत सगळ्याची चर्चा न्यायमूर्तींपुढे झाली. न्यायालयाने ते केलं हे चांगलंच. तरी कोर्टात आपला माणूस उभा राहून म्हणू शकत नाही की साहेब, माझ्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या त्या रात्री कठड्यावर बसून होत्या. तिथे वकील बोलतो, तारीख पडते. नगरसेवक निदान शिव्या खायला दारात सापडतो.

त्या चार वर्षांत सर्वात मोकळेपणाने बोलला तो मारबतीतला बडग्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत अशा पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडग्यांचे पुतळे, आणि त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर त्या वर्षीचं जे जे खुपलं ते ते लिहिलेलं असतं. महागाई, भ्रष्टाचार, रस्ते, पुढारी. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत इतवारीतून गर्दी सरकते, संध्याकाळी बडग्याला आग लावतात आणि सगळे घरी जातात. ताईंना मारबतीचं फार कौतुक, दरवर्षी जातात. त्या म्हणाल्या, "एवढं चांगलं लिहितात पोरं. यातला एक जरी हरकत-सूचनेच्या अर्जावर असं लिहील तर!"

यंदाच्या निवडणुकीला ताई उभ्या राहिल्या नाहीत. तिकीट मिळालं नाही की मागितलं नाही, यावर आमच्या समाजभवनात दोन मतं आहेत. आता चारपैकी आमच्या बाजूला ज्यांचं घर आहे ते तरुण नगरसेवक. सगळे त्यांना दादा म्हणतात. मुलगा उद्योगी आहे. फोन उचलतो. रात्री अकराला चेंबर उपसायला गाडी पाठवलेली मी पाहिली आहे. त्याची माहिती रोज मोबाइलवर येते: भूमिपूजन, भेट, सत्कार, पाहणी, पुन्हा भूमिपूजन. मागे ढोलताशा. नारळ हवेत असतानाचा क्षण हळू करून दाखवतात. इतकी माहिती आम्हाला कधीच मिळत नव्हती. आणि सभेत काय झालं ते त्यात कुठे नसतं.

आम्ही चार-पाच जणांनी जाऊन सांगितलं, दादा, सभेनंतर एकदा येऊन बसा. तो आला. पाया पडला, खुर्ची नाकारून सतरंजीवर बसला, हे मला आवडलं. मग एसटीवाल्या काकांनी विचारलं, सभेत काय झालं? तो क्षणभर गोंधळला. म्हणाला, "काका, कामाचं बोला ना. सभेत काय, तिथं नुसती बोंबाबोंब राह्यते."

"तेच सांगा," काका म्हणाले. "कोण काऊन बोंबलून राह्यला, ते."

हळूहळू सांगायला लागला. जरा अडखळत, पण सांगितलं. कराच्या थकबाकीवर बोलणं झालं, कचऱ्यावर झालं, दोन विषय पुढच्या सभेवर ढकलले. ऐनवेळचे किती आले, असं ठेलेवाल्याने विचारलं तेव्हा त्याने खरं सांगितलं की शेवटी तो बाहेर एका लग्नाच्या फोनवर होता. कोणी हसलं नाही. मी इतिवृत्तात लिहिलं: ऐनवेळचे विषय, माहिती पुढील बैठकीत.

पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी नऊला आहे, उन्हामुळे लवकर. विषय तीन: सिमेंट रस्त्याची उंची आणि घरांची जोती, कचऱ्याच्या नव्या दंडांवर हरकती द्यायच्या की नाही, आणि मागच्या गल्लीची नाली. विषयपत्रिकेची झेरॉक्स दादाने आधी पाठवायची असं ठरलं आहे, अजून आलेली नाही. नासुप्रच्या साहेबांनाही पत्र दिलं आहे. ते येतील असं वाटत नाही, पण पोच घेऊन ठेवली आहे.